गोचिडीपासून होणारे रेंगाळणारे संसर्ग: प्रतिकारयंत्रणा आणि जनुके यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोचीड चावल्यानंतर होणारे बहुतेक संसर्ग वेळेवर औषध मिळाल्यास काही आठवड्यांत आटोक्यात येतात. काही रुग्णांचा त्रास मात्र महिनोन्‌महिने, क्वचित काही वर्षे चालतो. एकाच भागात, एकाच हंगामात संसर्ग झालेल्या दोन व्यक्तींपैकी एक पंधरवड्यात कामाला लागते आणि दुसरीचा गुडघा वर्षभर सुजलेला राहतो, याचे कारण रुग्णांना आणि नातेवाइकांना हवे असते. खालील उत्तरांचा भर लाइम आजारावर आहे, कारण या प्रश्नाचा सर्वाधिक अभ्यास त्याच आजारात झाला आहे. जिथे इतर संसर्ग वेगळे काही शिकवतात तिथे त्यांचाही उल्लेख केला आहे.

संसर्ग रेंगाळला असे डॉक्टर म्हणतात तेव्हा शरीरात नेमके काय चाललेले असते?

त्यामागे चार वेगवेगळ्या परिस्थिती असू शकतात आणि त्यांची सरमिसळ झाली की उपचारही चुकतात. पहिली, रोगजंतू खरोखरच जिवंत असून ऊतींमध्ये टिकून आहे. दुसरी, जंतू मेले आहेत, पण त्यांचे अवशेष शिल्लक आहेत आणि प्रतिकारयंत्रणा त्या अवशेषांवरच तुटून पडते आहे. तिसरी, जंतू आणि अवशेष दोन्ही नाहीत, मात्र जंतूशी लढताना प्रतिकारयंत्रणेचा रोख शरीराच्या स्वतःच्या घटकांकडे वळला आणि तो परत फिरला नाही. चौथी, संसर्गाने मज्जातंतूंना किंवा सांध्याला केलेली इजा भरून यायला वेळ लागतो आहे. एका रुग्णात यांपैकी एकाहून अधिक गोष्टी एकत्र असू शकतात. याशिवाय मूळ निदानच चुकीचे असण्याची आणि त्रास वेगळ्याच आजाराचा असण्याची शक्यता असते. ती तपासण्याचा रुग्णांना राग येतो, पण ती तपासलीच पाहिजे.

गोचिडीपासून होणारे कोणते संसर्ग दीर्घकाळ टिकू शकतात?

लाइम आजार बोरेलिया बर्गडॉर्फेरी या मळसूत्रासारख्या जिवाणूमुळे होतो. युरोप आणि आशियात त्याचे भाऊबंद बोरेलिया अफ्झेली व बोरेलिया गारिनी हेही तोच आजार घडवतात. उपचार न झाल्यास हा जिवाणू वर्षानुवर्षे टिकू शकतो. अफ्झेलीमुळे होणाऱ्या एका त्वचाविकारात हातापायांची कातडी निळसर-लाल होऊन पुढे पातळ कागदासारखी होते, आणि अशा त्वचेतून दहा वर्षांहून अधिक काळानंतरही जिवंत जिवाणू वाढवता आले आहेत. बबेसिया हा तांबड्या पेशींत राहणारा परजीवी काही रुग्णांत अनेक महिने रक्तात राहतो. पुनरावर्ती तापाचे बोरेलिया जिवाणू तापाच्या लाटांमागून लाटा आणतात. निओएर्लिचिया मिकुरेन्सिस या जिवाणूचा ताप प्रतिकारशक्ती दबलेल्या रुग्णांत महिनोन्‌महिने चालतो. गोचिडीच्या मेंदूज्वरात विषाणू बहुधा लवकर नाहीसा होतो, पण मागे राहिलेला अशक्तपणा आणि विसराळूपणा दीर्घकाळ जाणवतो.

प्रतिकारयंत्रणा असताना लाइमचा जिवाणू टिकतोच कसा?

हा जिवाणू विष तयार करणारा नाही. लपणे आणि निसटणे हेच त्याचे बळ आहे. त्याची सुरुवात गोचिडीच्या पोटातच होते. उपाशी गोचिडीच्या आतड्यात असताना जिवाणूच्या पृष्ठभागावर ओस्प-ए नावाचे प्रथिन असते आणि त्याच्या आधाराने तो आतड्याच्या अस्तराला चिकटून राहतो. गोचीड चावून उबदार रक्त पिऊ लागली की तो ओस्प-ए टाकून देतो, ओस्प-सी हे दुसरे प्रथिन चढवतो, वाढतो आणि लाळग्रंथींकडे निघतो. या सगळ्याला वेळ लागतो. म्हणूनच चिकटलेली गोचीड २४ तासांच्या आत काढल्यास लाइमची बाधा सहसा होत नाही. (गोचिडीपासून पसरणाऱ्या काही विषाणूंना मात्र इतका वेळ लागत नाही, हे इथेच सांगून ठेवलेले बरे.)

गोचिडीची लाळही या कामात जिवाणूला मदत करते. तिच्यातील साल्प-१५ हे प्रथिन ओस्प-सीला चिकटून जिवाणूला झाकते आणि चावलेल्या जागी जमणाऱ्या टी पेशींना, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना, मंदावते. त्यामुळे पहिल्या काही दिवसांत, जेव्हा जिवाणूंची संख्या थोडी असते आणि त्यांना मारणे सर्वांत सोपे असते, नेमकी तेव्हाच प्रतिकारयंत्रणा बेसावध राहते.

त्वचेतून आत शिरल्यावर जिवाणूची गाठ कॉम्प्लिमेंट या रक्तातील प्रथिनमालिकेशी पडते. परक्या पेशींना भोके पाडून मारणे हे तिचे काम. आपल्या स्वतःच्या पेशींवर हा हल्ला होऊ नये म्हणून रक्तात फॅक्टर एच नावाचा नियंत्रक असतो. बोरेलिया हा नियंत्रकच पकडून आपल्या अंगावर बसवून घेतो आणि हल्ल्यातून वाचतो. पुढच्या टप्प्यात प्रतिपिंडे तयार होऊ लागतात, तेव्हा व्हीएलएस-ई या पृष्ठभागावरील प्रथिनाचा खेळ सुरू होतो. या प्रथिनाच्या जनुकाशेजारी १५ मूक तुकडे असतात. जिवाणू त्यांतील भाग उचलून चालू जनुकात बसवत राहतो आणि प्रथिनाचा चेहरा बदलत जातो. प्रतिपिंडे एका चेहऱ्याविरुद्ध तयार होईपर्यंत पुढच्या पिढ्या वेगळा चेहरा घेऊन फिरत असतात. ज्या जिवाणूंची ही बदलाची क्षमता प्रयोगशाळेत काढून घेतली, ते निरोगी उंदरांत काही आठवड्यांतच संपले; प्रतिपिंडे तयार करू न शकणाऱ्या उंदरांत मात्र तेच जिवाणू टिकून राहिले. ही युक्ती नेमकी कशासाठी आहे, हे यातून पुरेसे स्पष्ट होते.

आणखी एक गोष्ट. बहुतेक जिवाणूंना लोह लागते आणि संसर्ग झाला की शरीर लोह दडवून ठेवते. बोरेलियाला लोहाची गरजच नाही. तो मँगनीजवर भागवतो. शरीराचा एक जुना डाव इथे फुकट जातो.

आजार लांबला, म्हणजे माझी प्रतिकारशक्ती कमी आहे का?

लाइमच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर बहुधा नाही असे आहे, आणि या विषयातील सर्वांत मोठा गैरसमज हाच आहे. अँटिबायोटिक घेऊनही ज्यांचा सांधा सुजलेला राहतो त्या रुग्णांच्या सांध्यातील द्रव तपासला, तर तिथे प्रतिकारयंत्रणा झोपलेली आढळत नाही. उलट दाह वाढवणारे गॅमा इंटरफेरॉन आणि टी पेशींना बोलावणारी सीएक्ससीएल-९, सीएक्ससीएल-१० ही रसायने तिथे भरपूर असतात. सांध्याच्या अस्तराचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर अस्तर जाड होऊन त्याला बोटांसारखे उंचवटे आलेले दिसतात, लिम्फोसाइट आणि प्लाझ्मा या प्रतिकारपेशींचे गट ठिकठिकाणी जमलेले असतात आणि काही रुग्णांत बारीक रक्तवाहिन्यांची भिंत इतकी फुगलेली असते की आतली पोकळी जवळजवळ बंद झालेली असते. हे कमकुवत प्रतिकाराचे चित्र नाही. काम संपल्यावरही न थांबलेल्या प्रतिकाराचे आहे.

उंदरांवरील प्रयोगही हेच सांगतात. सी३एच या वंशाच्या उंदरांना बोरेलियामुळे तीव्र संधिदाह होतो आणि सी५७ब्लॅक-६ वंशाच्या उंदरांना सौम्य. दोघांच्याही ऊतींतील जिवाणूंची संख्या जवळपास सारखी असू शकते. फरक जंतूंच्या संख्येत नसून यजमानाच्या जनुकांनी ठरवलेल्या दाहाच्या तीव्रतेत आहे.

तरीही नाण्याची दुसरी बाजू आहे. उंदरांत असे दिसते की बोरेलियाचा संसर्ग झाला की लसिकाग्रंथींमधील जननकेंद्रे, म्हणजे जिथे बी पेशी अधिकाधिक अचूक प्रतिपिंडे बनवायला शिकतात त्या जागा, लवकरच मोडकळीस येतात आणि टिकाऊ स्मृती नीट तयार होत नाही. म्हणजे एकाच आजारात प्रतिकारयंत्रणेचा एक भाग गरजेपेक्षा कमी आणि दुसरा गरजेपेक्षा जास्त काम करत असतो. कमी किंवा जास्त अशा एकाच मोजपट्टीने तिच्याकडे पाहणे इथे उपयोगाचे नाही.

खरोखरच प्रतिकारशक्ती दबलेली असेल तर काय होते?

इथे आजारागणिक उत्तर बदलते. बबेसियाच्या बाबतीत प्लीहा हा अवयव निर्णायक असतो, कारण परजीवी शिरलेल्या तांबड्या पेशी गाळून काढण्याचे काम तो करतो. प्लीहा काढलेल्या व्यक्तींना, तसेच रक्ताच्या कर्करोगासाठी किंवा संधिवातासाठी रिटुक्सिमॅब हे बी पेशी नष्ट करणारे औषध घेतलेल्यांना, बबेसियाचा आजार तीव्र होऊ शकतो आणि नेहमीचे उपचार करूनही पुन्हा उलटू शकतो. निरोगी माणसाला ॲझिथ्रोमायसिन आणि ॲटोव्हाक्वोन ही जोडी सात ते दहा दिवस पुरते. या रुग्णांना किमान सहा आठवडे उपचार लागतात आणि त्यांतील शेवटचे दोन आठवडे रक्ताच्या काचपट्टीवर परजीवी दिसता कामा नये.

रिटुक्सिमॅब घेणाऱ्या रुग्णांत बोरेलिया मियामोटोई या जिवाणूमुळे हळूहळू वाढणारा मेंदूदाह आढळला आहे. चालण्यातील तोल जाणे, विसरणे, वजन घटणे अशा लक्षणांमुळे तो वार्धक्यातील स्मृतिभ्रंश समजला जाण्याचा धोका असतो. निओएर्लिचियाच्या रुग्णांत ताप आणि शिरांमध्ये रक्ताच्या गुठळ्या अशी जोडी दिसते. हा ताप मूळ संधिवाताचाच भाग मानून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे आणखी वाढवली जातात आणि आजार लांबत जातो, खरे तर डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकने तो चांगला बरा होतो. अशी औषधे घेणाऱ्या प्रत्येकाने कारण न सापडलेल्या तापात गोचीड चावल्याचा इतिहास डॉक्टरांना आपणहून सांगावा, त्यांनी विचारण्याची वाट पाहू नये.

एचएलए जनुके म्हणजे काय आणि त्यांचा लाइमशी संबंध कसा जोडला गेला?

जंतूच्या प्रथिनांचे छोटे तुकडे टी पेशींसमोर मांडून दाखवणारे रेणू आपल्या पेशींवर असतात. ते एचएलए जनुकांनी बनतात. या जनुकांत माणसामाणसांत प्रचंड विविधता आहे. कोणत्या व्यक्तीच्या टी पेशींना कोणता तुकडा नीट दिसणार, हे त्यामुळे जन्मतःच बऱ्याच अंशी ठरलेले असते.

लाइम आजाराची ओळखच मुळी सांध्यांपासून झाली. अमेरिकेतील कनेटिकट राज्यात ओल्ड लाइम आणि आसपासच्या गावांत १९७० च्या दशकात मुलांमध्ये संधिवाताचे असाधारण प्रमाण आढळले आणि ॲलन स्टीअर व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा छडा लावायला घेतला. जिवाणू विली बर्गडॉर्फर यांना १९८१ मध्ये सापडला. त्याआधी, अँटिबायोटिकची गरज ठाऊक नसताना, लाल चट्टा (लाइमची सुरुवातीची खूण) उठलेल्या ५५ रुग्णांवर काही वर्षे लक्ष ठेवले गेले होते. त्यांच्यापैकी सुमारे निम्म्यांना सांधेसुजीचे झटके येत-जात राहिले, ११ टक्क्यांचा सांधा कायम सुजलेला राहिला आणि २० टक्क्यांना पुढे काहीच त्रास झाला नाही. एकच जंतू, उपचार कुणालाच नाहीत आणि तरी परिणाम इतके भिन्न. जनुकांकडे बोट दाखवणारा यापेक्षा सरळ पुरावा त्या काळी क्वचितच मिळाला असता. १९९० मध्ये स्टीअर यांच्या गटाने दाखवले की लांबलेला संधिदाह एचएलए-डीआर४ हा प्रकार असलेल्यांत अधिक आढळतो आणि त्यांना अँटिबायोटिकचाही उपयोग कमी होतो. संधिवाताभाच्या (रुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या) रुग्णांतही हाच प्रकार जास्त दिसतो, म्हणून या निष्कर्षाने बरीच खळबळ उडाली.

पुढे असे आढळले की ज्या एचएलए-डीआर प्रकारांत हा धोका अधिक आहे, ते सारे ओस्प-ए प्रथिनाच्या एका ठरावीक तुकड्याला घट्ट धरून ठेवतात. १९९८ मध्ये त्यावरून एक आकर्षक तर्क मांडला गेला: हा तुकडा मानवी एलएफए-१ या प्रथिनाच्या एका भागासारखा दिसतो, तेव्हा जंतूविरुद्ध तयार झालेल्या टी पेशी चुकून स्वतःच्याच प्रथिनावर हल्ला करत असाव्यात. तर्क सुबक होता, पण टिकला नाही. एलएफए-१ मधला तुकडा टी पेशींना फारच क्षीणपणे उत्तेजित करतो. शिवाय औषधानंतर ओस्प-एविरुद्धचा प्रतिसाद ओसरत गेला तरी सांध्याची सूज चालूच राहते, असे दिसून आले. म्हणून संशोधकांनी उलट्या बाजूने शोध घेतला. रुग्णांच्या सांध्यातील एचएलए रेणूंवर प्रत्यक्षात कोणते तुकडे बसलेले आहेत ते काढून पाहिले. त्यातून रक्तवाहिन्यांच्या अस्तराशी संबंधित एक वाढघटक, अपोलिपोप्रोटीन बी-१००, ॲनेक्सिन ए२ आणि एमएमपी-१० अशी शरीराचीच प्रथिने सापडली. काही रुग्णांत यांच्याविरुद्ध टी पेशी आणि प्रतिपिंडे दोन्ही असतात, सर्वांत नसतात. माझ्या मते या साऱ्या शोधाचे मोल या ‘काहीं’मध्येच आहे, कारण लांबलेल्या लाइम संधिदाहाला एकच स्वप्रतिजन, म्हणजे हल्ल्याचे लक्ष्य बनलेले शरीराचेच प्रथिन, असावा ही अपेक्षाच त्याने मोडून काढली.

एचएलएखेरीज इतर कोणती जनुके महत्त्वाची आहेत?

टीएलआर-१ हे त्यांपैकी चांगले अभ्यासलेले जनुक. त्यापासून बनणारा ग्राहक (पेशीवरील, बाहेरचे रेणू ओळखणारे प्रथिन) टीएलआर-२ या दुसऱ्या ग्राहकाबरोबर जोडी करून बोरेलियाच्या पृष्ठभागावरील मेदयुक्त प्रथिने ओळखतो. या जनुकातील एका अक्षराच्या बदलामुळे, ज्याला १८०५जीजी म्हणतात, काही व्यक्तींच्या पेशींचा प्रतिसाद अधिक भडक होतो. अँटिबायोटिकला दाद न देणाऱ्या संधिदाहाच्या रुग्णांत हा प्रकार जास्त प्रमाणात सापडला, विशेषतः संसर्ग जिवाणूच्या दाहक वाणाचा (उपप्रकाराचा) असेल तेव्हा.

एक वेगळ्याच दिशेचा शोध २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. फिनलंड आणि एस्टोनियातील मोठ्या जनुकीय संग्रहांच्या अभ्यासात एससीजीबी१डी२ या जनुकाचा संबंध लाइमशी आढळला. हे प्रथिन घामात स्रवते आणि प्रयोगशाळेत बोरेलियाची वाढ रोखते; ज्यांच्यात त्याचा एक विशिष्ट बदललेला प्रकार असतो, त्यांच्या बाबतीत ही रोखण्याची ताकद कमी पडते. लक्षात घ्यावे की हे जनुक संसर्ग होण्याच्या धोक्याबद्दल सांगते, तो लांबण्याबद्दल नव्हे. बातम्यांत हा भेद बहुतेक वेळा पुसला जातो.

गोचिडीच्या मेंदूज्वरात सीसीआर-५ या ग्राहकाचा अपुरा प्रकार तयार करणाऱ्या जनुकबदलाचा आजाराशी संबंध दाखवला गेला आहे. हा तोच बदल, जो एचआयव्हीपासून संरक्षण देतो म्हणून ठाऊक आहे. एका विषाणूपासून वाचवणारी उणीव दुसऱ्या विषाणूला वाट मोकळी करून देते. तसेच गंभीर मेंदूज्वराने रुग्णालयात दाखल झालेल्यांपैकी सुमारे १० टक्के रुग्णांच्या रक्तात टाइप-१ इंटरफेरॉनलाच निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे आढळली. विषाणूविरुद्धची पहिली संरक्षणफळीच या रुग्णांत आधीपासून कापलेली होती.

जिवाणूच्या स्वतःच्या जनुकांनी काही फरक पडतो का?

बराच पडतो आणि केवळ रुग्णाच्या जनुकांबद्दल बोलताना ही गोष्ट सुटून जाते. बोरेलियाचा जनुकसंच विचित्र आहे: सरळ रेषेतील एक गुणसूत्र आणि त्याच्या जोडीला अनेक प्लाझ्मिड, म्हणजे डीएनएचे छोटे स्वतंत्र तुकडे; १९९७ मध्ये ज्या वाणाचा जनुकक्रम वाचला गेला त्यात अशी २१ प्लाझ्मिड होती. या प्लाझ्मिडांवरील पृष्ठभाग-प्रथिनांची जनुके वाणागणिक बदलतात. ईशान्य अमेरिकेतील ओस्प-सी प्रकार ‘ए’ हा वाण रक्तातून दूरवर पसरतो आणि अधिक दाह घडवतो. युरोपातील गारिनी मज्जासंस्थेकडे आणि अफ्झेली त्वचेकडे झुकतो. म्हणून एका खंडातील रुग्णांच्या अभ्यासाचे निष्कर्ष दुसऱ्या खंडातील रुग्णांना जसेच्या तसे लावणे धोक्याचे ठरते.

जिवाणू मेले असतील तर सूज कशामुळे राहते?

बोरेलियाच्या पेशीभित्तिकेतील पेप्टिडोग्लायकन हा घटक इथे संशयाच्या केंद्रस्थानी आहे. त्याच्या रचनेत ऑर्निथिन हे असामान्य अमिनो आम्ल असते आणि बहुतेक जिवाणू वाढताना या घटकाचे तुकडे पुन्हा वापरतात तसे बोरेलिया करत नाही. तो ते बाहेर टाकत राहतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लाइम संधिदाहाच्या रुग्णांच्या सांध्यातील द्रवात, अँटिबायोटिकनंतर जिवाणूचा डीएनए सापडत नसतानाही, हे पेप्टिडोग्लायकन आढळले, आणि ते उंदरांना टोचले असता त्यांच्या सांध्यात दाह झाला. याचा अर्थ असा की अवशेष किती वेगाने साफ होतात आणि त्यांना पाहून प्रतिकारयंत्रणा किती चवताळते, हे दोन्ही व्यक्तिसापेक्ष आहे.

सांधा ठीक आहे, पण थकवा, अंगदुखी आणि मेंदूवर धुके आल्यासारखे वाटणे सहा महिन्यांनंतरही जात नाही. हे त्याच कारणांनी होते का?

या त्रासाचा जैविक आधार सांधेदाहाइतका स्पष्ट झालेला नाही, म्हणून दोन्हींना एकच स्पष्टीकरण लावू नये. एचएलए-डीआर४ आणि ओस्प-ए यांची साखळी सांध्यांबाबत उभी राहिली आहे, थकव्याबाबत नाही. उपचारानंतरच्या या लक्षणसमूहाचे प्रमाण सामान्यतः ५ ते १० टक्के सांगितले जाते. लवकर निदान व योग्य उपचार झालेल्या रुग्णांच्या एका काटेकोर अभ्यासात ते सुमारे १४ टक्के होते आणि लाइम कधीच न झालेल्या तुलनागटात सुमारे ४ टक्के. दोन्ही आकडे एकत्र वाचावेत: त्रास खरा आहे आणि तो लाइमनंतर निश्चित अधिक आहे, पण अशी लक्षणे असलेली प्रत्येक व्यक्ती लाइममुळेच आजारी आहे असे होत नाही. निदानाला उशीर, सुरुवातीचा आजार तीव्र असणे आणि आरंभीच मज्जासंस्थेची लक्षणे दिसणे, या गोष्टींनी धोका वाढतो. या रुग्णांपैकी काहींत सीसीएल-१९ या रसायनाची पातळी वाढलेली राहते, आणि मेंदूच्या विशिष्ट स्कॅनमध्ये तिथल्या प्रतिकारपेशी जागृत असल्याच्या खुणा एका छोट्या गटात दिसल्या आहेत. यावरून एवढेच म्हणता येते की ‘सगळे मनाचे खेळ आहेत’ हे उत्तर शास्त्रीय नाही आणि रुग्णाला ते देणे अन्यायाचे आहे.

उपचार होऊन वर्ष उलटले तरी रक्तातील प्रतिपिंडे पॉझिटिव्ह येतात. संसर्ग शिल्लक आहे का?

केवळ त्यावरून तसे म्हणता येत नाही. बरे झालेल्यांत आयजीजी आणि आयजीएम ही दोन्ही प्रतिपिंडे १० ते २० वर्षांनंतरही आढळली आहेत. ही चाचणी प्रतिकारयंत्रणेचा इतिहास सांगते, जिवाणूची आजची उपस्थिती नाही. बरे झाल्याची खात्री करण्यासाठी ती वारंवार करू नये.

मी एचएलए किंवा टीएलआर-१ ची जनुकीय चाचणी करून घ्यावी का?

आज तरी त्याचा व्यवहारात उपयोग नाही. एचएलए-डीआर४ पुष्कळ निरोगी लोकांत असतो. तो असूनही बहुतेकांचा लाइम नेहमीच्या औषधाने बरा होतो आणि तो नसतानाही काहींचा सांधा लांबतो. चाचणीचा निकाल काहीही आला तरी औषध, त्याची मात्रा आणि कालावधी बदलत नाही. पैसे भरून केवळ काळजी विकत घेण्यासारखे ते होईल. खासगी कंपन्यांच्या ‘लाइमची जनुकीय प्रवणता’ सांगणाऱ्या अहवालांबाबत तर अधिकच सावध राहावे.

अँटिबायोटिक आणखी काही महिने घेतल्याने फायदा होईल का?

सांध्याचा दाह आणि इतर लक्षणे यांची उत्तरे वेगळी आहेत. लाइम संधिदाहात पहिला २८ दिवसांचा तोंडाने घ्यायचा उपचार अपुरा पडला तर दुसरी फेरी, प्रसंगी शिरेतून सेफ्ट्रायॅक्सोन, दिली जाते. त्यानंतरही सूज राहिली तर मार्गदर्शक सूचनांनुसार दिशा बदलावी लागते: संधिवाततज्ज्ञाकडे जाऊन मेथोट्रेक्सेटसारखी दाह शमवणारी औषधे किंवा क्वचित दुर्बिणीद्वारे सुजलेले अस्तर काढणे. प्रतिकारयंत्रणेच्या अतिरेकामुळे टिकलेल्या दाहावर तिला आवर घालणारे औषध लागू पडते, यात नवल नाही. मात्र अँटिबायोटिक देण्यापूर्वीच सांध्यात स्टिरॉइड टोचणे टाळावे.

थकवा आणि वेदनांसाठी दीर्घ अँटिबायोटिक उपचारांच्या तुलनात्मक चाचण्या झाल्या आहेत. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचण्यांत ३० दिवस शिरेतून सेफ्ट्रायॅक्सोन आणि पुढे ६० दिवस डॉक्सिसायक्लिन देऊनही औषधाच्या आणि बनावट गोळीच्या गटांत फरक पडला नाही. नेदरलँड्समधील २०१६ च्या चाचणीत १२ आठवड्यांच्या अतिरिक्त उपचारानेही जीवनमान सुधारले नाही. शिरेतील नळीतून होणारे रक्तसंसर्ग हा मात्र प्रत्यक्षात घडलेला तोटा आहे. प्रयोगशाळेतील पात्रात डॉक्सिसायक्लिन सोसून काही बोरेलिया जगतात आणि प्राण्यांत उपचारानंतरही जिवाणूच्या खुणा आढळल्या आहेत, हे खरे. पण त्यावरून माणसाला महिनोन्‌महिने औषध द्यावे असा निष्कर्ष निघत नाही, कारण माणसांवरील चाचण्यांनी त्या प्रश्नाचे थेट उत्तर दिलेले आहे.

‘प्रतिकारशक्ती वाढवणारी’ पूरके घ्यावीत का?

वर सांगितल्याप्रमाणे लांबलेल्या सांधेदाहात अडचण बहुधा अतिरिक्त प्रतिसादाची असते. जो प्रतिसाद आधीच थांबत नाही तो वाढवण्याचा दावा करणाऱ्या गोळीकडून कशाची अपेक्षा करायची, हे रुग्णाने विक्रेत्याला जरूर विचारावे.

हा धोका मुलांकडे वारशाने जातो का?

एचएलए जनुके आईवडिलांकडून येतात, त्यामुळे प्रवणता येऊ शकते. आजार येत नाही. एका कुटुंबात अनेकांना लाइम होतो तेव्हा त्याचे कारण बहुतेक वेळा एकाच परिसरातील गोचिडी हे असते.

ओस्प-ए जर सांध्याच्या आजाराशी जोडले गेले, तर त्यावर आधारलेली लस सुरक्षित होती का?

१९९८ मध्ये अमेरिकेत लाइमरिक्स ही लस उपलब्ध झाली. तिची कार्यपद्धती वेगळी होती: लस घेतलेल्याचे रक्त गोचीड पिते तेव्हा त्यातील ओस्प-एविरुद्धची प्रतिपिंडे गोचिडीच्या आतड्यातच जिवाणूला निष्प्रभ करतात. एलएफए-१ चा तर्क त्याच वर्षी प्रसिद्ध झाल्याने एचएलए-डीआर४ असलेल्यांना या लसीमुळे संधिवात होईल अशी भीती पसरली. लस घेतलेल्यांत संधिवाताचे प्रमाण वाढल्याचा पुरावा अमेरिकी औषध प्रशासनाला आढळला नाही. तरीही खटले, बातम्या आणि घसरता खप यांमुळे २००२ मध्ये उत्पादकाने ती बाजारातून काढून घेतली. जनुकीय प्रवणतेचा एक कच्चा तर्क पूर्ण तपासला जाण्याआधी लोकांपर्यंत पोहोचला की काय होते, याचे हे महागडे उदाहरण आहे. नंतर तयार झालेल्या ओस्प-ए आधारित लसींत मानवी प्रथिनाशी साम्य असलेला तो भाग बदलण्यात आला आहे.

एकदा लाइम झाल्यावर पुन्हा होत नाही ना?

होऊ शकतो. लवकर उपचार झालेल्या व्यक्तीत तयार होणारे संरक्षण प्रामुख्याने त्या वाणाच्या ओस्प-सीपुरते असते, आणि एकाच रानात अनेक प्रकारचे ओस्प-सी असलेले वाण फिरत असतात. ज्या १७ रुग्णांना लाल चट्टा एकाहून अधिक वेळा उठला होता, त्यांच्या जिवाणूंचे ओस्प-सी प्रकार २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तपासले गेले. लागोपाठच्या प्रत्येक खेपेला प्रकार वेगळा निघाला. म्हणजे जुना संसर्ग उलटला नव्हता, दर वेळी नवी गोचीड चावली होती. योग्य उपचारानंतर पुन्हा चट्टा दिसला तर त्याला जुन्या आजाराचे शेपूट न समजता नवा संसर्ग समजून पहिल्याइतक्याच तत्परतेने औषध सुरू करावे लागते.